भार कोणी उचलला?

"उठला! उठला!" खोलीत एकच गलका झाला. दारात, खिडकीपाशी माणसंच माणसं. मधोमध मी आणि माझ्या दोन्ही बगलांत हात घातलेले दोन धिप्पाड चेले. ऑपरेशन करून घोट्यात प्लेट बसवलेला माझा पाय फरशीवर होता आणि दुखत नव्हता!

"सगळा भार माझ्यावर टाक, बाळा," भारमुक्त बाबा डोळे मिटून म्हणाले. "हाडाला मी आज्ञा केली आहे. हाड ऐकतंय."

आईचे डोळे वाहत होते. बाबांना आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी तिनंच आणलं होतं. बिचारी तरी काय करणार? माझं काम केस कापायचं, म्हणजे उभ्याचा धंदा. दुकान बंद आणि मी खाटेवर कोंडलेला. माझा विश्वास नव्हता. पळून जावंसं वाटत होतं, पण पळायला पाय लागतो. आणि खरं सांगू? चार पावलं न दुखता पडली, तेव्हा मीही डळमळलो.

चेल्यांनी मला खाटेवर बसवलं. बाबांनी माझा वॉकर दाराबाहेर ढकलला. "उद्या एकट्यानं जिना उतर. आधार घेतलास की कृपा गेली!"

मी वॉकरकडे हात केला. "डॉक्टर अजून नको म्हणालेत..."

"डॉक्टर मोठा की बाबा?" गर्दी माझ्यावरच खेकसली.

तेवढ्यात बायको वजनकाटा घेऊन आली. "भाऊ, जरा यावर उभे राहता?" तिनं एका चेल्याला विचारलं. त्याला वाटलं, आपला मान होतोय. तो चढला.

"आता यांना मघासारखं उठवा."

दोघांनी मला उचललं आणि काटा सर्रकन पुढे पळाला. सगळे वाकून बघू लागले.

"आज्ञा हाडाला केली होती ना, बाबा?" बायकोनं विचारलं. "मग भाऊ कसे जड झाले? यांचं वजन यांच्या पायावर नव्हतंच, भाऊंच्या हातांवर होतं. म्हणून दुखलं नाही!"

कोणीतरी खुदकन हसलं. "अश्रद्धेच्या घरात शक्ती टिकत नाही," असं पुटपुटत बाबांनी जिना गाठला. वॉकर आईनंच आत आणला. माझ्याकडे तिला बघवेना.

पुढच्या तपासणीत मी बाबांचा सगळा प्रकार सांगितला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "अजून पाय टेकायचा नाही. तेव्हा भार टाकला असतात तर प्लेट निसटली असती."

"मग कधी?"

"प्रत्येकाचं हाड सारखं जुळत नाही. मी सांगेन तेव्हा, आधी थोडा भार, तोही आधारानं."

मी अजून खाटेवरच आहे. जीव कावतो. पण भेटायला येणाऱ्यांना आता आईच बजावते, "पाय कधी टेकवायचा, ते ज्यानं आतलं हाड पाहिलंय त्याला विचारा. हाडाला आज्ञा करणाऱ्याला नको."