अंगठ्यावरचं माप

एकानं पुकारायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं, असा त्या शिंप्याच्या दुकानातला लग्नापासूनचा रिवाज होता. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायचे आणि आकडा पुकारायचे. मास्तरीणबाई तो झेलून कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहायच्या.

"खांदा साडेसतरा!"

"साडेसतरा."

"बाही चोवीस!"

"चोवीस."

बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून गाणं म्हणताहेत. एकानं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. मग पुढचं सगळं बाईंचं. त्यांची कात्री कापडात शिरायची ती मासोळी पाण्यात शिरावी तशी, चाहूल न देता. "मी नुसता भोंगा," मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "कारखाना हिचा."

आणि मग कारखान्यात धुकं शिरलं.

एका दिवसात नाही शिरलं. आधी सुई हातात असताना बाई सुई शोधू लागल्या. मग शब्द हरवू लागले. रोजच्या वापरातले, घरच्या भांड्यांसारखे शब्द. "अहो, ते द्या ना... ते हे... दोरा ज्याला गुंडाळतात ते," म्हणेपर्यंत मास्तर हसत रीळ पुढे करायचे. कुणी बोलत असलं की वाक्याचं पुढचं टोक कानात शिरायचं आणि मागचं उंबऱ्याबाहेर चपला काढत बसायचं. अंग सकाळपासून भिजल्या कापसासारखं जड. शेजारपाजारचे म्हणाले, वय झालं. बाईंना आपलं वाटायचं, आपण आळशी झालो.

अशातच ती मुलगी आली. हातात जुन्या रेशमाची घडी. "आईचं आहे. आई गेली. लग्नात मला याचं जाकीट घालायचंय. कापड एवढंच आहे हं, मावशी." मास्तरांनी माप पुकारलं, बाईंनी झेललं, कापलं, शिवलं. जाकीट छातीत बसेना. माप छत्तिसाचं हवं होतं, कापलं गेलं चौतिसावर. सोडायला आत शिवणीत कापड नाही, जोडायला बाहेर नाही. मुलीनं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिनं ते जाकीट नुसतं तोंडाशी धरलं, वास घेतला आणि तसंच घडी करून घेऊन गेली. उरलेल्या तुकड्यावर खडूचा चौतीस होता, बाईंच्याच वळणदार अक्षरातला. मास्तर टेपची गुंडाळी करत उभे होते.

त्याच संध्याकाळी बाईंनी कात्री स्वतःच्या हातानं आपल्या लेकीपुढे ठेवली. लेक दिवसा कचेरीत काम करायची. तेव्हापासून संध्याकाळी येऊन आईनं खडूनं लिहिलेल्या मापांवर ती कापड कापू लागली. बाईंकडे काजं आणि बटणं उरली. आणि तरी चुका होतच राहिल्या. कुणाची विजार आखूड, कुणाचा गळा कानाला लागलेला.

"आई, पुन्हा? बाबा सांगतात एक, तू लिहितेस भलतंच!"

"माझंच चुकलं गं बाई."

"ठिगळ तरी किती ठिकाणी लावू मी?"

मुलगी वाईट नव्हती, दमलेली होती. आईला दवाखान्यात नेलं तेही तिनंच. रक्त तपासलं आणि चोर सापडला: हिपॅटायटिस सी. या मुलीच्याच वेळच्या बाळंतपणात चढवलेल्या रक्तातून आला असावा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि इतकी वर्षं लिव्हरमध्ये गुपचूप बिऱ्हाड करून बसला.

"आणि सासुरवाशिणीसारखा आवाजसुद्धा नाही," मास्तर म्हणाले.

"तुमच्या डोक्यातलं धुकं हे त्याचंच काम, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आळशी नाही आणि वेड्याही नाही. तीन महिने रोज एक गोळी. एकही चुकवायची नाही."

बाई रडल्या. आळशी नाही हे ऐकूनच.

गोळी चुकली नाही. मास्तर रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन उभे राहायचे. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, नुसतं डोकं दुखलं. मग एका सकाळी बटण लावताना बाईंच्या ओठांवर आपसूक एक ओळ आली, लहानपणी आईच्या मशीनखाली बसून ऐकलेली:

सुई चाले पुढे पुढे, दोरा मागे मागे गं,
जिच्या हाती शिवण तिला फाटल्याची जाग गं.

ओळ अख्खी आली, पदर कुठे न फाटता. त्यामागून एकेक शब्द यायला लागला. सांजेला गुरं परतावीत तसे, आपापल्या गोठ्यात, न हाकलता. रीळ आलं, अस्तर आलं, तिरपी पट्टी आली. गल्लीतल्या माणसांचे चेहरे कडेला शिवण घातल्यासारखे स्वच्छ दिसू लागले. बाईंनी मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शेवटच्या तपासणीत डॉक्टर बरी म्हणू देत, आई. त्याच दिवशी कात्री तुझी. मलाही सुटका हवीय."

बाई दिवस मोजत नव्हत्या, पण दिवस त्यांच्याकडे बघून हसत होते.

आणि मग बेकरीवाला विजार शिवायला आला. पिठासारखा गोरा आणि फुगलेल्या पावासारखा गोल. मास्तरांनी त्याच्या पोटाला टेपचा वेढा घातला, अंगठ्यानं आकडा दाबून धरला, वाकून नीट पाहिला आणि पुकारलं, "कंबर छत्तीस!"

बाईंचा खडू कापडावर टेकलेला होता. तो तिथेच थांबला. आधी त्यांना आपल्याच कानांचा संशय आला. सवयच ती. "काय म्हणालात?"

"छत्तीस गं, छत्तीस! किती वेळा सांगू?"

"मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो!" बेकरीवाला गदगदा हसला. "हे जरा माझ्या बायकोला येऊन सांगा. ती मला रेडा म्हणते."

सगळे हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिरानं, इतरांच्या तोंडाकडे बघून. बाईंनी पाहिलं. त्यांनी हेही पाहिलं की मास्तरांचा अंगठा टेपवर चव्वेचाळिसाच्या रेघेवर घट्ट रोवलेला आहे. जन्मभराचा इमानी अंगठा. तो चुकला नव्हता. डोळ्यांपासून तोंडापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत आकडा कुठेतरी खाली पडला होता, आणि तोंडानं त्या आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा उचलला होता.

बाईंनी चव्वेचाळीस लिहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "छत्तीस."

त्यानंतर त्यांनी कान बंद केले आणि डोळे उघडे ठेवले. मास्तर पुकारायचे, बाई "हो" म्हणायच्या आणि अंगठा सांगेल ते लिहायच्या. कधी दोन्ही जुळायचे आणि त्यांच्या जिवात जीव यायचा. कधी मास्तर बाही मोजून गळा सांगायचे. चुका थांबल्या. मुलीनं आईच्या गळ्यात हात टाकले, "गुण आला गं औषधाला!" मास्तर सगळ्या गल्लीला सांगत सुटले, "आमच्या हिचं डोकं परत आलं." त्यांच्या आनंदात खोट नव्हती. तेच बघवत नव्हतं.

पण एक गोष्ट बाईंना रेशमाच्या सुतासारखी रुतत होती. धुकं पांगलं तरी धुक्यातलं काही परत दिसत नाही. त्या दिवशी आपल्या कानावर छत्तीस पडला होता की चौतीस, हे त्यांना कितीही ताणून आठवेना. ते सांगू शकणारं दुसरं माणूस जगात एकच होतं.

दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून दोघं जेवायला बसली तेव्हा त्यांनी विचारलं.

"अहो, ते रेशमी जाकीट आठवतं?"

"आठवतं की. किती रडलीस तू."

"तुम्ही मला छाती किती सांगितली होती?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "कधी कधी आकडा पळतो गं. डोळ्यांना दिसतो, तोंडात येईतो नसतो. मग जो हाताला लागेल तो म्हणतो. कोण बघतंय?"

"कधीपासून?"

"तुझं ते सुरू झालं ना... तेव्हा. का त्याच्या आधी? तेव्हा बरं होतं."

"काय बरं होतं?"

"सगळे तुझ्याकडे बघायचे," मास्तर म्हणाले.

बाईंच्या अंगातून सर्रकन काहीतरी उसवत गेलं. त्या जाकीटवाल्या मुलीची गल्ली त्यांनी सोडली होती. बाजाराला लांबच्या वाटेनं जात होत्या. आरशात स्वतःला बघत, तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, नासवलंस, आईवेगळ्या पोरीचं नासवलंस. आणि हा माणूस त्यांच्या फाटक्या छत्रीखाली स्वतःचं डोकं कोरडं ठेवून उभा होता?

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी चुकले नव्हते, हे ठाऊक होतं तुम्हाला. आणि तुम्ही मला रडू दिलंत."

मास्तरांनी मान वर केली. चेहऱ्यावर मऊ, निवांत हसू होतं, जेवणाऱ्या माणसाचं.

"कोण रडलं?"

बाईंना वाटलं, सोंग आहे. देवा, सोंग असू दे. कापडातला दोष शोधायला ते उजेडासमोर धरतात, तसं त्यांनी तो चेहरा न्याहाळला. कुठे आडपडदा दिसेना. आत्ताचं सगळं बोलणं त्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं होतं, खडू झटकावा तसं. घशात आलेली सगळी भांडणं तिथेच बसली. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो. माफ करायलाही लागतो.

"जेवा," त्या म्हणाल्या. "गार होतंय."

औषध संपलं. शेवटच्या तपासणीला बाई एकट्याच गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि उठून त्यांचा हात हातात घेतला. विषाणू कुठेच नव्हता. "आणि डोकं?"

"लख्ख आहे," बाई म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "बाई, हे धुकं दुसऱ्या कुणाला आलं तर... हा आजार नसताना?" आणि त्यांनी सगळं सांगितलं. अंगठा, तोंड, पुसलेला चेहरा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "घेऊन या त्यांना. या आठवड्यातच. कारणं पुष्कळ असतात, तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"त्यावरही तीन महिन्यांची गोळी असेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमच्यासारखं दरवेळी नसतं हो," त्या हळूच म्हणाल्या.

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. बाईंनी ठरवलं होतं: लेकीला बाजूला घेऊन सांगायचं. सगळं. जाकिटासकट. आपण निर्दोष आहोत हे एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढी तरी भूक माणसाला असतेच.

दुकानात लेक टेबलाशी उभी होती. पुढ्यात एक भारी गरम कापड, कापलेलं. कोपऱ्यावर खडूचे आकडे. ज्याचा कोट तो उंच वाद्यवाला समोरच उभा होता, आणि पाठीचा तुकडा त्याच्या कमरेशीही पोचत नव्हता.

"हे कुणी लिहिलं?" लेकीचा आवाज चढला होता. "आई तर दवाखान्यात होती. बाबा? तुम्ही?"

मास्तर खडू मुठीत धरून उभे होते. शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखे. एकदा कापडाकडे बघत, एकदा लेकीकडे. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. आकडा शोधत होते, शब्द शोधत होते, पळवाट शोधत होते. आणि परक्या माणसासमोर, आपल्या स्वतःच्या दुकानात, त्यांनी खडूची मूठ छातीशी धरली.

बाईंना काही बोलावंच लागलं नसतं. नुसतं गप्प राहिलं तरी सत्य आपल्या पायांनी बाहेर आलं असतं.

"मी लिहिलं," बाई म्हणाल्या. "दुपारी निघण्याआधी. हे आले होते ना माप द्यायला."

वाद्यवाला गोंधळला. "अहो, पण मी तर..."

"तुम्ही आलात तेव्हा मी होते," बाई त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. "आठवा."

काय दिसलं त्याला कोण जाणे. त्यानं मास्तरांच्या मुठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "असाल," तो म्हणाला.

लेक स्टुलावर बसली. "म्हणजे गेलं नाही तर ते. एवढ्या गोळ्या घेऊन."

"नाही गेलं."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"परत यायला सांगितलंय. या वेळी बाबाही येतील माझ्याबरोबर. सोबतीला."

लेकीनं कात्री उचलली, क्षणभर आईकडे पाहिलं आणि ती आपल्याच पिशवीत ठेवली. बाईंनी हातही पुढे केला नाही.

"तिला बोलू नकोस हं," मास्तरांना आता आवाज सापडला होता, आणि तो खरोखरच मायेनं ओथंबलेला होता. "आजारी आहे ती. तिच्या हातात आहे का ते?"

सगळे गेल्यावर ते बाईंच्या शेजारी येऊन बसले. खडूनं पांढरी झालेली बोटं त्यांनी बाईंच्या पाठीवर ठेवली.

"घाबरू नकोस गं. मी आहे ना? तुला नाही आठवलं तर मी लक्षात ठेवीन तुझ्या वाटचं. सांग, काय काय ठेवायचं?"

बाईंचं डोकं शरदातल्या आभाळासारखं स्वच्छ होतं. ढगाचा एक धागा नाही, कुठे लपायला जागा नाही.

"मला," त्या म्हणाल्या.

"अं?"

"मला तेवढं ठेवा."

"हॅत्! एवढंच?" मास्तर हसले. अगदी वेळेवर हसले. "ते काय सांगायचं असतं होय, वेडे?"