टुंड्राच्या खोलीतला उन्हाळा

वनस्पती उद्यानातल्या काचघरांमागे एक खोली होती. पाटीवर ‘टुंड्रा विभाग’ असं ठसठशीत लिहिलेलं असलं तरी सगळे तिला फ्रीजच म्हणत. मातीखाली थंड नळ्या पुरलेल्या, त्यामुळे खालची माती बारा महिने गोठलेली असायची आणि उन्हाळ्यात वरची वीतभर तेवढी सुटायची. त्या वीतभरात शेवाळ, दगडफूल, पिवळ्या फुलांची म्हणून आणलेली खसखशीची रोपं आणि बोटभर उंचीचे विलो जीव धरून होते.

ही खोली सांभाळायच्या मावशी. दोन स्वेटर चढवून सकाळी सातला कुलूप उघडायचं, ओलावा बघायचा, संध्याकाळी सहाला बंद करून घरी. पहिल्याच दिवशी त्या विलो उपटायला निघाल्या होत्या.

"मावशी, ते गवत नाही, अख्खं झाड आहे!" संशोधक ताई ओरडल्या.

"मग जरा ताठ उभं राहायला काय झालं त्याला?"

"तिथल्या वाऱ्यात तुम्ही उभ्या राहून दाखवा, मग बोला."

तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. भिंतीवरच्या चित्रांतला पांढरा कोल्हा, बर्फाखाली बोगदे करणारे उंदरासारखे लेमिंग, दगडफूल खरवडून खाणारं रेनडिअर, सगळ्यांची कुंडली मावशींना तोंडपाठ झाली होती. फक्त फूल येत नव्हतं. तीन उन्हाळे गेले, एक कळी दिसेल तर शपथ. ताईंनी माती बदलली, बिया बदलल्या, शेवटी स्वतःलाच बोल लावायला लागल्या. मोठ्या साहेबांनी निकाल दिला: महिनाअखेरीला रोपं ट्रकने दुसऱ्या उद्यानात जातील आणि ही जागा निवडुंगांना मिळेल.

ताई खाली मान घालून नव्या उद्यानासाठी सूचनांचे कागद लिहीत होत्या आणि मावशी ते कुंड्यांना बांधत होत्या. एका कागदावर त्यांचा हात थबकला. ‘उन्हाळ्यात चोवीस तास उजेड.’

"चोवीस तास? रात्री पण?"

"तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मावशी. म्हणून तर आपले दिवे अखंड चालू असतात."

मावशींनी दाराकडे पाहिलं. खोलीचे दिवे त्या रोज सहाला दाराजवळच्या बटणाने बंद करत होत्या आणि सकाळी सातला पुन्हा लावत होत्या. झाडांनाही झोप हवी, असं त्यांचं पक्कं मत होतं. ताई पाचला निघायच्या आणि दहाला यायच्या, त्यांना कळणार कसं?

गप्प बसता आलं असतं. कागद बांधायचे, ट्रक निघून जाईल, कोणी विचारणारही नाही. पण समोर ताई डोळे पुसत होत्या आणि ते मावशींना बघवेना.

"ताई, तुमच्या हाताला दोष नाही. मी रोज यांना झोपवत होते."

सगळं ऐकून ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं, मावशी!" त्यात राग होता, तो असायलाच हवा होता. पण त्याच दमात त्यांनी कॅलेंडर ओढलं. ट्रकला चोवीस दिवस होते.

बटणावर चिकटपट्टी लागली. मावशी सकाळी येत तेव्हा खोली लख्ख असायची. विसाव्या दिवशी खसखशीच्या लवदार देठावर मान खाली घातलेली एक कळी दिसली आणि मावशींनी बाहेर जाऊन रडून घेतलं.

ट्रक आला, तेव्हा वाटीएवढं नसलं तरी वाटीसारखं पिवळं फूल उमललेलं होतं. शेजारी आणखी सहा कळ्या. मोठे साहेब गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"आता कसं जमलं?"

"दिव्यांमध्ये थोडा बिघाड होता, सर..." ताईंनी सुरुवात केली.

"दिवे ठणठणीत होते, साहेब," मावशी मध्येच म्हणाल्या. "मी रोज सहाला बंद करत होते. चूक माझी."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फुलाकडे. ट्रकवाल्याला त्यांनी हातानेच परत जायची खूण केली.

"मग आता दिवे कधी बंद करणार?"

"ऑगस्ट संपता संपता, साहेब, तेही हळूहळू," मावशी म्हणाल्या. "तोवर इथे दिवस आहे."