तीन वाजेपर्यंत

सावळेरामांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, खिशातून पेन्सिलचा तुकडा काढला आणि खालच्या कोपऱ्यात बारीक फुली मारली.

“इथं सही कर,” ते सुनेला म्हणाले. “बाकी समदं भरलंय.”

माघारीचा अर्ज होता. हर्षालीने तो घेतला. दुसऱ्या हातावर सात महिन्यांची लेक कुरकुरत होती. घोडेगावच्या तहसील कचेरीतल्या घड्याळात अडीच वाजायला आले होते. तीनला मुदत संपणार होती.

गावात पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीचं मतदान झालं नव्हतं. खंडोबाच्या देवळात बसून नावं ठरायची आणि ज्यांनी मधेच अर्ज भरलेले असत, ते माघार घ्यायचे. यंदा दोन नंबर वॉर्डातल्या बायकांच्या जागेवर गावचे पुढारी दादाभाऊ यांची सून उज्ज्वला ठरली होती, पण अर्ज हर्षालीनेही भरला होता. परवा देवळात सावळेरामांनी भंडारा उचलून शब्द दिला, आमची सून माघार घेईल. तो दिला तेव्हा सून अंगणवाडीच्या दारात काठी घेऊन बसली होती. अंगणवाडीला लागून ऊस, उसात बिबट्या, म्हणून पोरांच्या आया पाळीपाळीने राखण करत. कुंपणाचा विषय हर्षालीने तीन ग्रामसभांत काढला होता. तिन्ही वेळा दादाभाऊ हसून म्हणाले होते, “बाईमाणसाचं शेवटी घेऊ.” शेवट यायच्या आत सभा उठायची.

“आधी हिला पाजते, मामा,” ती म्हणाली.

“लवकर आटप.”

कचेरीच्या मागच्या ओट्यावर ती बसली. सासू, प्रयागबाई, पाठोपाठ आली आणि पदर पसरून आडोशाला उभी राहिली. सावळेराम दहा पावलांवर पाठ करून थांबले. ओट्यावरची दोन अनोळखी माणसंही न सांगता तोंड फिरवून लिंबाच्या झाडाकडे बघू लागली.

पोर पाच मिनिटांत झोपलं. हर्षालीने ब्लाउज सारखा केला आणि उठायला गेली, तर खांद्यावर सासूचा हात आला.

“बस.”

“झोपली ती, आत्या.”

“मला दिसतंय.”

प्रयागबाईचा एक हात पदर धरून तसाच ताठ होता. दुसऱ्या हाताने तिने सुनेच्या मांडीवरचा अर्ज उचलला, डोळ्यांजवळ धरला. फुलीवर अंगठा ठेवला.

“अजून तसलीच मारत्यात,” ती म्हणाली.

सासू पाच वर्षं सरपंच होती, हे हर्षालीला माहीत होतं. बिनविरोध सरपंच. घरी कागद यायचे, त्यावर पेन्सिलची फुली असायची, चुलीपुढून उठून प्रयागबाई तिथं सही करायची आणि परत भाकरी उलटायला बसायची.

“एकदा फुली मारायची राहिली,” प्रयागबाई हळूच म्हणाली. “तर मी कागद तसाच माघारी धाडला. ह्यांला वाटलं, हिला कळलं न्हाई. मला सही कुठं करायची ते कळत व्हतं गं. कशाखाली करतेय ते कुणी सांगत नव्हतं.”

“मी सही करणारच नव्हते, आत्या. नाही म्हणून सांगणार होते मामांना.”

“सांग की. पण तीननंतर सांग. आता सांगितलंस तर चौघं बसतील समजवायला, देवाची आण घालतील, तुझ्या नवऱ्याला कंपनीत फोन लावतील. तू रडशील आन् सही करशील. मी केली नसती का?”

पावणेतीनला दादाभाऊ कचेरीतून बाहेर आले. बाकीच्या माघारी झाल्या होत्या, एवढीच उरली होती. पदर दिसताच ते जागीच थबकले आणि मान वळवून बोलले.

“सावळेराम, किती येळ?”

“मला काय इचारतो? पाजणारीला इचार.”

“ते कसं इचारणार?”

“मग थांब.”

प्रयागबाई मागे न बघता म्हणाली, “पोर पितंय अजून.”

पोराचा हात पदराखालून बाहेर लोंबत होता, मूठ उघडी, बोटं सैल. सावळेरामांनी एकदा मान वळवली. त्या हाताकडे त्यांची नजर गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि ते पुन्हा पाठ करून उभे राहिले. टोपी काढली, झटकली, परत घातली.

“पोर हाय का घागर?” दादाभाऊ पुटपुटले. तीनला पाच कमी असताना त्यांनी दोन पावलं पुढे टाकली, तसा लिंबाकडे बघणारा एकजण म्हणाला, “ओ पावणं, दिसत न्हाई का?” दादाभाऊ मागे सरले.

आतून शिपायाचा आवाज आला. मुदत संपली. दार लागलं.

मग हर्षाली उठली. लेक सासूकडे दिली आणि बिनसहीचा अर्ज घेऊन सरळ दादाभाऊंसमोर गेली.

“काका, मी माघार घेत नाही.”

“आता घेताच येत न्हाई तुला.”

“घेता आली असती तरी घेतली नसती.”

तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि चिन्हवाटपासाठी दार पुन्हा उघडल्यावर चिन्ह मागायला कचेरीत गेली. नाव पुकारल्यावर कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं. तिने आधी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मागे रांग चुळबुळत होती. मग सही केली.

बाहेर आली तेव्हा लेक जागी होऊन टाहो फोडत होती, या वेळी खरोखरच्या भुकेनं. हर्षाली पायरीवरच बसली आणि तिला पदराखाली घेतलं. दादाभाऊ जीपजवळून तरातरा येत होते.

“भंडारा उचलला व्हता सावळेराम तू! देवाला काय सांगशील?”

सावळेराम पायरीपाशी आले.

“सांगीन, मी उचलला. तिनं न्हाई.”

“तिला इचारतो मी, सरक बाजूला.”

सावळेराम सरकले नाहीत. सुनेकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पायरीच्या मधोमध उभे राहिले.

“थांब, दादाभाऊ,” ते म्हणाले. “पोर पितंय.”