चौथी ओळ

प्रबोधला तो रस्ता तोंडपाठ होता. मार्सेहून निघायचं, पहिला मुक्काम कासिस, मग तुलाँ, सें राफाएल, नीस, माँतों, सीमा ओलांडून इटलीत सान रेमो, सावोना आणि शेवटी जिनोआ. समुद्र कायम उजव्या हाताला. दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही, दुपारी कुठेतरी पाय पसरून बसायचं, आणि 'अजून किती राहिलं' असं जो विचारेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवण द्यायचं. नियम सगळे प्रबोधचे. कुठल्या वळणावर पांढरं चर्च आहे, कुठला बोगदा संपला की एकदम समुद्र दिसतो, कुठल्या पेट्रोल पंपाशेजारी बसायला झाडाखाली बाक आहे, हे त्याला सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून, कॉम्प्युटरवर रस्त्याचे फोटो एकेक पाऊल पुढे सरकवत, अकरा वर्षांत पाठ झालं होतं. प्रत्यक्षात तो तिकडे कधी गेलेला नव्हता.

सफर चौघांची होती. शैलेंद्र आणि विनीता हे नवरा-बायको प्रबोधपासून दोन बसस्टॉपवर राहायचे. चौथा चंद्रशेखर, तो बुकित बातोकला काँडोत. त्याच्या बायकोला गाडी लागायची, त्यामुळे ती 'तुम्ही जा, मला फोटो दाखवा' म्हणून कधीच मोकळी झाली होती. तिघे पुरुष बावीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एकाच कंपनीतून, एकाच विमानाने सिंगापूरला आले. बाकी दोघांची लग्नं, घरं, मुलं रीतसर होत गेली. प्रबोधचं लग्न राहून गेलं. 'पुढच्या वर्षी परतच जायचंय, तिकडे गेल्यावर बघू' असं तो म्हणायचा, आणि ते पुढचं वर्ष काही येईना. शुक्रवारचं जेवण विनीताकडे, गणपती विनीताकडे, ताप आला तर मऊ भात विनीताकडून. एवढं असलं की माणूस स्वतःला एकटा म्हणवून घेत नाही. प्रबोधही घेत नसे.

सफरीचा एक एक्सेलचा तक्ता होता. आता तीन इंजिनियर एकत्र आल्यावर तक्ता असणारच, पण हा तक्ता म्हणजे प्रबोधचं अपत्यच होतं. मुक्काम, अंतरं, टोल, कुणाला कुठली गोळी लागते, कुणाला खिडकी लागते. एक पान फक्त माणसांचं. चार नावं, चार ओळी, आणि पुढे रकाने: पासपोर्ट, विमा, लायसन्स, व्हिसा.

त्या व्हिसाच्या रकान्यानेच घात केला.

तक्ता केला तेव्हा चौघांचेही पासपोर्ट निळे, भारतीय. चौघांपुढे 'लागतो' असं लिहिलेलं. मग शैलेंद्र-विनीताने सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, मागोमाग चंद्रशेखरने. लाल पासपोर्टवाल्यांना युरोपचा व्हिसा लागत नाही. विनीताने पेढे केले होते. प्रबोधने चार पेढे खाल्ले, घरी आला, आनंदाने तक्ता उघडला, पहिल्या ओळीत 'लागत नाही' असं लिहिलं आणि त्या चौकटीचा कोपरा पकडून खाली ओढलं. खालच्या ओळी आपोआप भरल्या. दुसरी, तिसरी आणि चौथीही. चौथी ओळ त्याची स्वतःची होती. तो अजून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर होता आणि पासपोर्ट निळाच होता. पण हात थांबला नाही, कारण आपण त्या तिघांहून वेगळे आहोत हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलंच नाही.

जूनच्या सफरीची तिकिटं जानेवारीत काढली. निघायला एकोणीस दिवस राहिले असताना प्रबोध सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती लावून ठेवत होता. तीन लाल आणि एक निळी. तो निळ्या प्रतीकडे बघत राहिला, मग त्याने तक्त्यातली स्वतःची ओळ पाहिली. 'लागत नाही.'

पुढचे चार दिवस त्याने व्हिसा केंद्राची वेबसाइट ऑफिसमध्ये, बसमध्ये, हॉकर सेंटरला नूडल्सच्या रांगेत उभ्या उभ्या उघडून पाहिली. अर्ज द्यायला सगळ्यात लवकरची तारीख मिळत होती ती विमान सुटल्यानंतर सहा दिवसांची, आणि त्यापुढे व्हिसा यायला आणखी पंधरा दिवस. यात कुणाचीच चूक नव्हती. जी होती ती त्याची होती.

शुक्रवारी विनीताकडे पानं मांडल्यावर त्याने सांगितलं. तिघांचेही हात थांबले.

"अरे, पण शीटमध्ये तर लिहिलं होतं," शैलेंद्र म्हणाला.

"मीच लिहिलं होतं."

"आम्ही कधी तपासलंच नाही रे. तू केलंय म्हटल्यावर काय तपासायचं?" चंद्रशेखर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

शैलेंद्रची मुलगी मैत्रेयी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "काका नॉट गोइंग? देन बाबा एक्झिट चुकला की हू विल स्कोल्ड हिम?"

कुणी हसलं नाही. विनीताने पोळ्यांचा डबा उघडला, परत लावला. "मग पुढे ढकलू या का?" ती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये जाऊ."

याच वाक्याची प्रबोध चार दिवस वाट बघत होता. स्वतःच्या तोंडाने ते म्हणायची त्याला लाज वाटत होती. आता ते कुणीतरी म्हणालं होतं आणि त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो पुण्याच्या चांगल्या घरातला मुलगा, लगेच 'हो' म्हणणं त्याच्या वळणात नव्हतं. आणि या घरात 'नको' म्हणण्याने कधी काही बिघडलंही नव्हतं. 'नको' म्हटलं की पानात पोळी पडायची. दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं की भातावर तूप पडायचं. बावीस वर्षं त्याचं एकही 'नको' इथे कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"छे, काहीतरीच काय," तो म्हणाला. "माझ्यासाठी नका थांबू. तुम्ही जा."

"नक्की ना?" शैलेंद्रने विचारलं.

"नक्की."

"तसं सप्टेंबरमध्ये माझं अवघडच होतं," चंद्रशेखर म्हणाला. "आणि रजा पुन्हा मंजूर होईल की नाही कुणास ठाऊक."

"तू फोनवर आहेसच," शैलेंद्र म्हणाला. "तूच रस्ता सांगायचास. म्हणजे तू बरोबर असल्यासारखंच."

विनीताने प्रबोधच्या पानात पोळी वाढली. त्याला ती नको होती, पण त्याने खाल्ली.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने खाऊची पिशवी नेऊन दिली. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी. त्याने चौघांसाठी चार पुड्या बांधल्या होत्या. तीन पिशवीत घातल्या आणि चौथी घरी ठेवली. निघताना चंद्रशेखर म्हणाला, "तू इथे असणारच आहेस तर माझ्या झाडांना तेवढं पाणी घालशील? बायको मुंबईला गेलीय." विनीता म्हणाली, "आणि मैत्रेयीकडे एखादी चक्कर टाक." प्रबोध दोघांनाही बरं म्हणाला. रजा मंजूर झालेली होती. ती रद्द करायला गेलं तर ऑफिसात कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने केली नाही.

पहिले दोन दिवस मात्र मजेत गेले. फ्रान्समध्ये सकाळचे नऊ म्हणजे सिंगापूरला दुपारचे तीन. बरोबर तीनला फोन वाजायचा. प्रबोध आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल उघडून बसलेला असायचा.

"पुढच्या चौकात गाडी उजव्या अंगाला ठेव, शैलेंद्र. तिकडे सगळं उलटं आहे. आता एक बोगदा येईल. संपला की डोळे उघडे ठेवा."

बोगदा संपला आणि फोनमधून तिघांचा एकदम श्वास ऐकू आला. "प्रबोध, अरे काय सांगू तुला," विनीता म्हणाली. आणि खरंच तिने काही सांगितलं नाही, कारण ती बघत होती. तो फोन कानाला लावून बसून राहिला. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालत होतं.

तिसऱ्या दिवशी फोन चारला आला. "पांढरं चर्च दिसलं का?" त्याने विचारलं. शैलेंद्र म्हणाला, "ते कुठलं रे? आम्ही वरच्या रस्त्याने आलो. हॉटेलातल्या एका म्हाताऱ्याने सांगितला. झकास आहे." चौथ्या दिवशी फोन आला नाही. सातला त्याने स्वतः केला, तर विनीता घाईघाईने म्हणाली, "जेवायला बसतोय, नंतर करते हं." नंतरही फोन आला नाही. रागवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. तिघं माणसं सुखात होती, एवढंच होतं. प्रबोधला राग येत नव्हता याचाच त्याला जास्त त्रास झाला.

पाचव्या दिवशी तो झाडांना पाणी घालायला गेला. टॅम्पिनीसहून एमआरटीच्या मेट्रोने जुरॉंग ईस्ट, तिथे गाडी बदलून बुकित बातोक. बेटाच्या या टोकापासून जवळपास त्या टोकापर्यंत, तासाभराहून जास्त. चंद्रशेखरच्या बाल्कनीत सोळा कुंड्या होत्या. पाणी घालून झाल्यावर तो तिथल्याच वेताच्या खुर्चीवर बराच वेळ बसला, कारण घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न होता.

त्याच दिवशी परतताना तो मैत्रेयीकडे गेला. तिने दोघांसाठी हॉकर सेंटरवरून चिकन राइस आणून ठेवला होता. जेवता जेवता तिने फोन पुढे केला. "काका, आईने फोटो टाकलाय. सो नाइस लह."

माँतोंचा समुद्रकिनारा. तिघांनी गॉगल लावलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात. खाली विनीताने लिहिलं होतं, 'आमची अख्खी गँग.'

मैत्रेयीने वाचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून आलं. तिने फोन पालथा ठेवला. "शी डिडन्ट मीन इट, काका," ती हळूच म्हणाली.

"मला माहितीये गं," तो म्हणाला. खरंच त्याला माहीत होतं. मुद्दाम लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सान रेमोच्या दिवशी तक्त्यात लिहिलं होतं, 'दुपारी किनाऱ्यावर थालीपीठ.' प्रबोधने चौथी पुडी उघडली, थालीपिठं लावली, डब्यात भरली आणि बसने पासिर रिसच्या किनाऱ्यावर गेला. समोर उभी जहाजं होती, पलीकडे धूसर बेट होतं. समुद्र उजव्या हाताला यावा म्हणून तो बाकावर थोडा वळून बसला. मग स्वतःचंच हसू आलं आणि सरळ बसला. थालीपीठ चांगलं झालं होतं. ते चांगलं झालंय म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. चोपन्न वर्षांच्या माणसाने भर दुपारी बाकावर बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून तो उठला आणि बसस्टॉपवर गेला.

ते परत आल्यावरच्या शुक्रवारी विनीताकडे जेवण होतं. तिने त्याच्यासाठी निळा मफलर आणला होता, सिंगापुरात कधी वापरता येणार नाही असा. खाऊची पिशवीही तिने परत दिली. दोन पुड्या तशाच होत्या. "तिकडचं खाणंच इतकं छान होतं रे," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी ग्रीस," चंद्रशेखर म्हणाला. "शीट प्रबोध करेल. या वेळेसारखीच गाडी घेऊ. मागे एक सीट मोकळी होती ना, सामान मस्त मावलं." मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, प्रबोध, तू असशील तर मोठी घेऊ."

प्रबोध म्हणाला, "नको, माझं काय सांगावं. पुढच्या वर्षी कदाचित मी परत गेलेला असेन."

आणि तो थांबला. या घरातल्या सगळ्यांना त्याचं हे 'नको' ऐकू गेलं होतं. शैलेंद्रने आमटीची वाटी पुढे ओढली. चंद्रशेखर ग्रीसमधल्या बोटींविषयी बोलू लागला. विनीताने न विचारता त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"अगं, पुरे," तो म्हणाला.

"खा रे, एकच आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्याने कपडे बदलले आणि कॉम्प्युटर उघडला. नवा तक्ता केला. माणसांचं पान घेतलं. एकाखाली एक तीन नावं लिहिली आणि चौथ्या ओळीवर थोडा वेळ थांबला. मग पहिल्या नावापुढे, व्हिसाच्या रकान्यात 'लागत नाही' असं लिहिलं, चौकटीचा कोपरा पकडला आणि खाली ओढलं. दुसरी ओळ भरली, तिसरी भरली. त्याने पुन्हा एकदा सगळं तपासलं. या वेळी तक्त्यात एकही चूक नव्हती.