तळ्यातून जाणारा रस्ता

मित्रांनो, मी एक जुने, धावणाऱ्यांचे घड्याळ आहे. माझ्या काचेवर चरे पडले आहेत आणि पट्टा दोनदा बदलून झाला आहे. वेळ तर कोणतेही घड्याळ सांगते, मी वाटही दाखवते.

कारखान्यातून मी आले ते कपडे शिवणाऱ्या एका ताईच्या मनगटावर. संध्याकाळी शिलाई मशीन बंद केली की ती मोबाइलवर नकाशा उघडायची, बोटाने ठिपके देत उद्याचा रस्ता आखायची आणि माझ्याकडे पाठवायची. सकाळी ती त्या रेषेवरून पळायची. रेष सोडली की मी थरथरून टोकायचे. टेकडी, जंगलातली पायवाट, तळ्यापलीकडचा बांध, कुठे कुठे नेले मी तिला! मैत्रिणी म्हणायच्या, "घड्याळ कसलं, वाटाड्या आहे हा." मी मनातल्या मनात फुगायचे.

एका सकाळी ती पूर्वी कधी नव्हती इतकी लांब पळून आली. जिन्यात तिने धाव संपवायचे माझे बटण दाबले आणि दार उघडले, तर तिचे बाबा न्हाणीघरापाशी पडलेले. तिने त्यांचा हात हातात घेतला. नेमके तेव्हाच मी थरथरून तिचे अभिनंदन केले: नवा विक्रम! यंत्राला काय कळणार, असे म्हणून मी हात झटकू शकते. पण मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखे होते.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, यात तुमचा काही दोष नाही. तिने मान डोलावली, पण तिला ते पटले नाही. मला तिने सुया-बटणांच्या खणात टाकले.

बऱ्याच महिन्यांनी, बाबांनी फारच भुणभुण लावली म्हणून, तिने मला बाहेर काढले. पण आता तिचे सगळे रस्ते घराभोवतीच फिरायचे. घाण्याच्या बैलासारखी ती त्याच गल्ल्यांतून पळायची आणि दर फेरीला खिडकीकडे बघायची.

"तुझी पावलं ऐकू येतात," एकदा बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, खोडी मात्र शाबूत होती. "वाटतं, चोर पाळत ठेवून आहे."

"लांब जायचं मनच होत नाही, बाबा. त्या दिवशी मी इथं नव्हते."

"आणि आता माझ्यापायी तू दारात अडकलीस, त्याचं मला काय वाटत असेल? आण तो मोबाइल."

मला वाटत होते, त्या घरात अपराधी मन एकच आहे. दोन होती.

डाव्या हाताच्या कापऱ्या बोटाने बाबांनी रस्ता आखला. ती मदतीला गेली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. रेष लोकांच्या भिंतींतून गेली आणि थेट तळ्यात शिरली. "पाठव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बाबांजवळ बसायला आल्या आणि ताई निघाली. तळ्याच्या काठावर तिने फोन लावला. "बाबा, पुढे पाणी आहे."

"मग वळसा घाल की. पोहायला कुणी सांगितलंय?"

ती हसली आणि काठाकाठाने पळू लागली. मी आपले नियमाप्रमाणे टोकत राहिले, रस्ता चुकला, रस्ता चुकला. तिने मला गप्प केले. गप्प बसून इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

घरी आली, तर बाबांची चादर ओली झाली होती. त्यांनी काकूंना हात लावू दिला नव्हता. ताईचा चेहरा उतरला. "मी असायला हवं होतं."

"का? तू असतीस तर मला लागली नसती?" बाबा म्हणाले. "धापा टाकतेयस. आधी बसून पाणी पी. मग बदल चादर."

ती बसली. पेला रिकामा होईपर्यंत उठली नाही.

मित्रांनो, माझा घामेजलेला पट्टा पुसून ठेवावा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुमच्या घरी कुणी आजाऱ्याची सेवा करत असेल, तर कधीतरी त्याला म्हणा, "मी बसतो इथं, तू जाऊन ये." आणि ते माणूस उंबरा ओलांडून निघाले की मागून हाक मारू नका.