गोजराबाईच्या दाराचा अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे आणि मनात राग धरून बसलो आहे. दार आतून बंद करताना आडवं घालतात, ते ऐनाचं लाकूड म्हणजे मी. कासार आंबोलीच्या कुशाबा सुतारानं मला तासलं आणि गोजराबाई सुईणीच्या दाराला बसवलं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. बाळंतपणाला निघताना ती मला कोपऱ्यात उभं करी आणि म्हणे, "घर सांभाळ रं." वीस वर्षं मी ते सांभाळलं.

१९५८च्या आषाढात सारं गाव भातलावणीला गेलं होतं. गोजराबाई तापानं घरीच पडली होती. मी दाराला होतो, म्हणून चोर कौलं काढून वरून उतरला. तोंडाला फडकं बांधलेलं. पण त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती, आणि ती जगात सगळ्यात आधी पाहिली होती गोजराबाईनंच. ती बोलून गेली, "वाल्मीक? हैबतरावाचा ना तू?"

तिथंच चुकलं. त्यानं मला दारातून उपसलं आणि तिच्या उजव्या हातावर घातलं. दोनदा. गळ्यातली पुतळ्यांची माळ ओढून तो पळाला. मी तिच्या रक्तात पडून होतो. ज्या घराची राखण केली, त्याच घराच्या मालकिणीला मी लागलो!

पुण्याच्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला. शिक्षेच्या दिवशी मी टेबलावर होतो, अंगाला चिठ्ठी बांधलेली. वकील म्हणाले, आरोपी एकोणीस वर्षांचा आहे, दया व्हावी. हैबतरावांनी हात जोडले, "लेकरू हाय सायेब, चुकलं त्याचं."

गोजराबाईनं वाकडा झालेला हात वर केला. "व्हय, लेकरूच हाय. उपजलं तवा रडत नव्हतं. ह्याच हातानं पाठ थोपटून रडवलं त्याला. आता ह्या हातात घास ऱ्हात न्हाई. सायेब, त्याचं वय बगताय, तसा ह्यो हात बी बगा."

साहेबांनी सात वर्षं सक्तमजुरी सुनावली. वाल्मीक ढसाढसा रडला. मला बरं वाटलं. दहा दिली असती, तर आणखी बरं वाटलं असतं.

खटला संपल्यावर कोर्टानं मला घरी परत दिलं. आता गोजराबाई मला डाव्या हातानं घालते. बाळंतपणाला तिला कुणी बोलावत नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मला वाळवी लागू देऊ नका, पण माझ्यावरचा काळा डाग घासू नका. मला सात वर्षं टिकायचं आहे. एक दिवस तो सुटेल आणि पाया पडायला याच दारात उभा राहील. गोजराबाई मनानं मऊ आहे. तिचा डावा हात मला काढायला पुढं येईल.

मी मात्र हलणार नाही.