एकशे ऐंशीच्या पलीकडे

भिंतीवरच्या नकाशात लाऊ बेटांवर एकही लाल टिंब नव्हतं. मेरेओनी नकाशासमोरच थबकली. वादळात ती फिजीच्या दुसऱ्या टोकाला, नांदीला, अडकून पडली होती. आज राजधानी सुवाच्या मदत कार्यालयात पाय ठेवला आणि समोर हे. एक टिंब म्हणजे नुकसान झालेलं एक गाव. उत्तरेकडे टिंबांची दाटी होती. पूर्वेकडचं लाऊ मात्र कोरं, आणि त्या लाऊतच नुकुवाई नावाच्या छोट्या बेटावर तिची आई आणि आईची थोरली बहीण, म्हणजे तिची मोठी आई, राहत होत्या.

"लाऊ वाचलं," विलिमोने म्हणाला. विलिमोने हा तिचा मामेभाऊ आणि कार्यालयातला जोडीदार. मामेभावाने टोमणा मारायचा आणि आतेबहिणीने तो व्याजासकट परत करायचा, हा तिकडचा रिवाजच. "तोंड का पाडलंयस? वाऱ्याने तुझ्या माणसांना हातसुद्धा लावला नाही. तुमच्या बायकांना घाबरला असेल."

"नकाशा कशावर काढलास?"

"संगणकावर. चटईवर काढणार होतो, पण तू नव्हतीस विणायला."

"प्लॉवरची नवी आवृत्ती घेतलीस?"

"घेतली. फुकट आहे, सोडायची कशाला?"

"घेऊ नकोस म्हणून बजावलं होतं मी."

"तू रोजच काहीतरी बजावतेस, मेरे. कुठलं कुठलं लक्षात ठेवू?"

एरवी तिने त्याची पिसं काढली असती. आज ती सरळ आपल्या संगणकाकडे वळली.

प्लॉवर म्हणजे आकडे दिले की आलेख नि नकाशे काढून देणारं सॉफ्टवेअर. जगभरातली हौशी मंडळी ते आपला वेळ घालून लिहितात आणि कुणीही ते फुकट वापरावं. आता रेखांश मोजायचे ते एकशे ऐंशीपर्यंत. तिथून पुढे उलटे, उण्यात. ती रेषा नेमकी फिजीच्या अंगणातून जाते. नियमाप्रमाणे आकडे लिहिले तर नकाशात अर्धा देश या कडेला आणि अर्धा त्या कडेला जाऊन पडतो. म्हणून मेरेओनीच्या कार्यालयात सगळे सरळ पुढे मोजत: एकशे एक्याऐंशी, एकशे ब्याऐंशी. शाळेत ही चूक, कामावर हेच बरोबर. जुनं प्लॉवर ते चालवून घ्यायचं. नव्याने ठरवलं की असे रेखांश नसतातच, आणि एकशे ऐंशीच्या पलीकडचं सगळं गुपचूप टाकून दिलं. मेल्याने निदान बोंब तरी मारायची.

मेरेओनीने चाचणीच्या आवृत्तीतच हे पकडलं होतं, कळवलंही होतं. प्लॉवरचा सगळा कारभार बघणारा हेन्रिक, कुठल्याशा बर्फाच्या देशातला. त्याचं उत्तर आलं होतं: 'एकशे ऐंशीच्या पुढे रेखांश नसतो. चूक तुमच्या माहितीत आहे, प्रोग्रॅममध्ये नाही. तक्रार बंद करत आहे.' म्हणजे हिचा देशच चुकीच्या जागी.

तिने स्वतःच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत तेच आकडे घातले. लाऊ लालेलाल झालं. नुकुवाईवरही टिंब उमटलं. विलिमोनेची बत्तिशी मिटली.

नकाशा घेऊन ती कार्यालयाचे प्रमुख अपेनिसा साहेब यांच्या खोलीत शिरली. त्यांनी तो टेबलावर पसरून पाहिला.

"मदतीची बोट काल सुटली," ते म्हणाले. "उत्तरेकडे. एव्हाना लाऊ मागे पडलं असेल."

"परत फिरवा."

"अगं, मंत्र्यांनी हाच नकाशा टीव्हीवर दाखवलाय. आता काय सांगू, अर्धा देश संगणकाने गिळला म्हणून?"

"गिळलाच आहे. तसंच सांगा."

"दुसरी बोट दुरुस्तीतून निघाली की आधी लाऊला. शब्द देतो."

"साहेब, नुकुवाईच्या विहिरीत समुद्र शिरलाय. गावांकडून रेडिओवर आलेल्या निरोपांच्या नोंदीत लिहिलंय तसं."

"उत्तरेलाही माणसंच आहेत, मेरेओनी."

होती ना. तिकडे केळी आडवी झाली होती, पत्रे उडाले होते. पण पाण्याच्या टाक्या शाबूत होत्या. साहेबांना हे ठाऊक होतं. पण मंत्र्याला तोंडघशी पाडण्यापेक्षा लाऊला तहानेलं ठेवणं सोपं होतं.

त्याच रागात तिने हेन्रिकला लिहिलं, आणि जरा जास्तच लिहिलं. उत्तर आलं: 'कृपया सभ्य भाषा वापरा. आम्ही हे काम विनामोबदला करतो. चूक दाखवणारं छोटंसं उदाहरण द्या.' त्याखाली चार अनोळखी लोकांनी अंगठे उंचावून त्याला दाद दिली. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, हे तिलाही कळत होतं. पण गाईने लाथ मारली तर ओरडायचंसुद्धा नाही?

तिने एकच ओळ पाठवली, नुकुवाईच्या अक्षांश-रेखांशाची. याहून छोटं उदाहरण तिच्याजवळ नव्हतं.

हेन्रिक तसा वाईट माणूस नव्हता. त्याने दुरुस्ती केली, आणि आवृत्तीच्या टिपणात लिहिलं: 'असाधारण माहिती आता वगळली जाणार नाही.' बैल गेला आणि झोपा केला. तोवर दुसरी बोटही लाऊला पोचून परतली होती.

मग बेटावरचा फोन सुरू झाला.

"मोठी आई गेली गं," आई म्हणाली. "पोट बिघडलं ते थांबेचना. विहिरीचंच पाणी पीत होतो आम्ही. तुमची बोट आली ती तिला पुरल्यावर."

मेरेओनी भिंतीला टेकली.

"पहिली बोट दिसली होती आम्हाला," आई सांगत राहिली. "अगदी समोरून गेली. पोरं ओरडत सुटली, ओल्या झावळ्या पेटवून धूर केला. ती थांबली नाही. पोरं शिव्या द्यायला लागली, तर मोठी आईच त्यांच्यावर डाफरली. म्हणाली, आपली मेरे बसलीय तिथे नकाशे काढायला, ती आपल्याला विसरायची नाही. पुढे कुणाचं तरी आपल्याहून वाईट झालं असणार, जाऊ द्या त्यांना आधी."

मेरेओनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झालं होतं ना गं तिकडे फार वाईट?" आईने विचारलं.

"हो आई," मेरेओनी म्हणाली. "फारच वाईट झालं होतं."